पेशी सोडल्या, पुढचं कोण बघणार?

बातमी छान होती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या कर्करोगावरच्या देशी कार-टी उपचाराला, म्हणजे नेक्सकार१९ला, ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन त्याचं लोकार्पण केलं. अमेरिकेत जे औषध तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातं, ते आपल्याकडे साधारण दहाव्या हिश्शात मिळू लागलं. ऊर भरून यावा असंच हे काम आहे आणि ज्यांनी ते उभं केलं त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

तक्रार आहे ती बातमी जिथे संपते त्या जागेबद्दल. दर वेळी ती एकाच ठिकाणी संपते: पिशवीतल्या पेशी शिरेतून आत गेल्या, डॉक्टर समाधानी, पेशंट घरी. लिंफोमाच्या पेशंटचं पुढचं वर्ष कुणी लिहीत नाही. त्या वर्षासाठी कुणी वर्गणीही काढत नाही. आणि उपचार लागू पडला की नाही हे तर त्या वर्षातच कळतं.

आधी आकड्याचं बघू. नेक्सकार१९च्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. एकूण प्रतिसाद ७३ टक्के. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, ‘शंभरात त्र्याहत्तर बरे होतात.’ असं नाही हो! एकूण प्रतिसादात पूर्ण प्रतिसादही आला आणि अर्धवटही. गाठी बऱ्यापैकी आक्रसल्या तरी तो प्रतिसादच. शिवाय त्या चाचण्यांत लिंफोमाबरोबर ल्युकेमियाचेही पेशंट होते. प्रतिसाद मिळणं आणि तो टिकणं यांत किती अंतर असतं ते बघायचं तर अमेरिकेतली झूमा-१ चाचणी बघा. लिंफोमाच्या १०१ पेशंटना कार-टी दिली. ८३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. पाच वर्षांनी हयात होते ४३ टक्क्यांच्या आसपास. आधीचे सगळे उपचार हरलेल्या पेशंटसाठी हा ४३चा आकडासुद्धा फार मोठा आहे, त्याला कुणी नाक मुरडू नये. पण ८३ आणि ४३ यांच्या मधली जी माणसं, त्यांचा आजार कधी उलटला, तो वेळेत पकडला का, पकडल्यावर हाताशी दुसरा उपाय होता का, हे सगळं ठरतं तपासण्यांवर.

लिंफोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. केमो देऊनही तो हटला नाही किंवा परत आला, की कार-टीचा विषय निघतो. पेशंटच्या रक्तातल्या टी-पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात. त्यामुळे बी-पेशींच्या अंगावरचं सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येतं. मग त्याच पेशी पेशंटला परत देतात. त्या रक्तात वाढत जातात आणि साधारण सात ते चौदा दिवसांत त्यांची संख्या शिगेला पोचते. धोकाही याच दिवसांत जास्त. ताप चढतो, बीपी उतरतं, ऑक्सिजन कमी होतो. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध आहे, स्टेरॉइड आहेत. ताप थर्मामीटरवर दिसतो, त्यामुळे तो सहसा सुटत नाही. सुटू शकतो तो मेंदूवरचा परिणाम.

तो पकडायची पद्धत इतकी साधी आहे की बघून थक्क व्हावं. नर्स रोज ठरावीक वेळांना पेशंटच्या खाटेपाशी येते. साल कोणतं? महिना? शहर कोणतं? हॉस्पिटल कोणतं? पेन, घड्याळ, बटण दाखवून विचारते, हे काय? दोन बोटं वर करायला सांगते. शंभरापासून दहा-दहा कमी करत म्हणायला लावते: शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर. शेवटी एक वाक्य लिहून घेते. सगळे मिळून दहा गुण. सात ते नऊ आले तर सौम्य त्रास, तीन ते सहा आले तर डॉक्टर धावत येतात, दोन किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. या दहा गुणांतलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते वाक्य. रोज तेच वाक्य, त्याच हातचं, एकाखाली एक. काल ओळीत बसलेली अक्षरं आज खाली उतरायला लागतात. शिरोरेषा मधेच तुटते. काना सुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. पेशंट तोंडाने ‘मी बरा आहे’ म्हणत असतो आणि कागद वेगळंच सांगत असतो.

ही पट्टी अमेरिकी तज्ज्ञांनी २०१९मध्ये ठरवली. नमुन्याचं वाक्यही त्यांचंच आहे, आमचा राष्ट्रीय पक्षी बाल्ड ईगल, अशा अर्थाचं. आपण मोर लिहावा, त्यात काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. जी बाई शाळेची पायरी चढली नाही, तिच्याकडून वाक्य कसलं लिहून घेणार? जळगावकडचा शेतकरी नवी मुंबईतल्या खारघरला गाडीतून उतरून थेट वॉर्डात आला, त्याला ‘शहर कोणतं’ विचारलं आणि त्याने मुंबई म्हटलं, तर गुण कापायचा का? प्रश्न इंग्रजीत किंवा घाईच्या हिंदीत विचारला आणि पेशंट अहिराणीत विचार करणारा असेल, तर तो अडखळला ते मेंदूमुळे की भाषेमुळे? याला उत्तर आहे आणि ते फुकट आहे. पेशी सोडण्याआधीच, पेशंट धडधाकट असताना, त्याच्याच भाषेत हे सगळं एकदा करून कागदावर ठेवायचं. लिहिता येत नसेल तर सही, तीही येत नसेल तर रोज काढता येईल अशी एखादी साधी आकृती. सोबतच्या नातेवाइकालाही शिकवायचं, कारण आईचं बोलणं बदलल्याचं लेकीला नर्सच्याही आधी कळतं. कार-टी देणाऱ्या प्रत्येक वॉर्डात हे व्हायलाच हवं. त्यासाठी ना मशीन लागतं ना निधी.

डिस्चार्ज मिळाला तरी हॉस्पिटलच्या जवळ राहायचं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२५मध्ये ही मुदत चार आठवड्यांवरून दोनवर आणली आणि गाडी न चालवण्याची मुदत आठ आठवड्यांवरून दोनवर. अनुभवातून आलेला शहाणा निर्णय. पण दोन आठवडे म्हटले तरी मुंबईत खोली लागते, आणि पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला स्वच्छ खोली लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या पेशंटना वर्षानुवर्षं आसरा देत आली, तिचे उपकार फिटणार नाहीत. एका धर्मशाळेने किती भार उचलायचा?

आता तिसावा दिवस. पेट स्कॅन.

उपाशीपोटी जायचं. बोट टोचून साखर बघतात, फार वाढलेली असेल तर परत पाठवतात. मग किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. त्याचा प्रभाव ११० मिनिटांत निम्म्यावर येतो, म्हणून ते सायक्लोट्रॉनमधून निघालं की वेळेशी शर्यत लावतच केंद्रावर पोचतं. जिल्ह्याच्या गावी पेट स्कॅन सहजासहजी होत नाही त्याचं हे एक मोठं कारण. इंजेक्शननंतर सुमारे तासभर एका खोलीत पडून राहायचं. फिरायचं नाही, बोलणंही टाळायचं, कारण जो स्नायू काम करेल तो साखर ओढेल आणि चित्रात उजळेल. अंगावर पांघरूण देतात, थंडीनेही चित्र बिघडतं. मग मशीन. कर्करोगाच्या पेशी साखरेच्या हावरट, जिथे त्या जिवंत असतील तिथे ठिपका पेटतो.

संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो आणि घरातल्या सगळ्यांच्या नजरा एकाच ओळीवर जातात: डोव्हील स्कोअर. डोव्हील हे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं गाव. २००९मध्ये तिथे लिंफोमाचे तज्ज्ञ जमले आणि पेट स्कॅन सगळ्या जगाने एकाच पट्टीने वाचावा असं ठरवलं. पट्टी पाचाची. ठिपक्याची तुलना पेशंटच्याच शरीरातल्या दोन जागांशी करायची, छातीच्या मधल्या भागातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि यकृत. गाठ उजळलीच नाही तर एक, रक्ताइतकी किंवा त्याहून कमी उजळली तर दोन, यकृताच्या पातळीपर्यंत तीन. इथवर आनंद, ‘पेट क्लीन आला’. यकृतापेक्षा थोडी जास्त उजळली तर चार, खूप जास्त किंवा नवीच गाठ दिसली तर पाच.

घरच्यांची झोप उडते ती चाराने. माझं डॉक्टरांना कळकळीचं सांगणं आहे की हा चार पेशंटच्या हातात पडण्याआधी त्याचा अर्थ सांगा, नंतर नको. कारण तिसाव्या दिवसाचा चार म्हणजे हार असं मुळीच नाही. झूमा-१मध्ये पहिल्या महिन्यात ज्यांना अर्धवट प्रतिसाद होता, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश पेशंटचा प्रतिसाद पुढे, दुसरं काही न देता, पूर्ण झाला. गाठीत शिरलेल्या टी-पेशी स्वतःही साखर खातात. लढाई चालू असलेली गाठ म्हणून उजळते, क्वचित सुरुवातीला फुगतेसुद्धा. पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी जीसीएसएफचं इंजेक्शन दिलं असेल तर हाडांचा मगज सगळाच पेटलेला दिसतो. हे ज्याला माहीत नाही तो ‘हाडांत पसरलं’ म्हणून मोकळा होतो.

त्यात आपल्याकडे क्षयरोग. जगात सर्वांत जास्त क्षयरोगी भारतात. टीबीची गाठही साखर ओढते, तीही चार किंवा पाच गुण मिळवू शकते. प्रतिकारशक्ती खच्ची झालेल्या माणसात झोपलेला टीबी उठतो हेही खरं. परदेशी निबंधात हा मुद्दा तळटीपेत जातो, मुंबई-पुण्याच्या डॉक्टरसमोर तो रोज बसलेला असतो. म्हणून उजळलेली गाठ दिसली की शक्य तिथे सुई घालून तुकडा काढायलाच हवा. बायोप्सी. नुसत्या चित्रावर विश्वास ठेवून कुणाला ‘आता उपाय नाही’ म्हणणं हा अन्याय, आणि बायोप्सीवाचून पुन्हा केमो चालू करणं हाही अन्यायच. काम करत असलेल्या टी-पेशी त्या केमोनेच मारल्या जातील.

बायोप्सीचं दुसरं काम आणखी महत्त्वाचं. आजार खरोखर परतला असेल, तर त्या पेशींवर सीडी१९ शिल्लक आहे का ते बघायचं. मोठ्या बी-पेशींच्या लिंफोमात कार-टीनंतर परतलेल्या बऱ्याच गाठींनी हे प्रथिन अंगावरून टाकून दिलेलं किंवा कमी केलेलं असतं. मग पुन्हा सीडी१९वरच वार करून काय साधणार? अशा वेळी सीडी२० या दुसऱ्या खुणेला धरणारी ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅब अशी औषधं आहेत. निवड तुकड्याच्या रिपोर्टवर होते. ‘सुईत पुरेसं मटेरियल आलं नाही’ असा शेरा पडला की चिडू नका, पण पुन्हा करून घ्या.

पेटच्या चाराचा घोळ सोडवणारी एक गोष्ट हळूहळू पुढे येते आहे, रक्ताची तपासणी. गाठीच्या मेलेल्या पेशींचे डीएनएचे तुकडे रक्तात तरंगतात, ते मोजायचे. स्टॅनफर्डच्या मंडळींनी इतरांबरोबर ७२ पेशंटवर केलेला अभ्यास २०२१मध्ये छापला. अठ्ठाविसाव्या दिवशी ज्यांचा स्कॅन मधल्या अवस्थेत होता, म्हणजे प्रतिसाद अर्धवट किंवा गाठी जैसे थे, त्यांचं रक्त बघितलं. ज्यांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला नाही अशा १० जणांपैकी एकाचा आजार परतला. ज्यांच्या रक्तात सापडला अशा १७ जणांपैकी १५ जणांचा परतला. संख्या लहान आहे, पण फरक डोळे दिपवणारा. स्कॅन सगळ्यांचा सारखाच अधांतरी आणि रक्ताने मात्र त्यांना दोन वाटांवर उभं केलं. स्वस्त कार-टी बनवून दाखवणाऱ्या मुंबईने आता स्वस्त डीएनए तपासणी बनवून दाखवावी. ज्यांनी पहिलं केलं त्यांना दुसरं जड नाही. पैसे मात्र सरकारने आत्ता द्यावेत, लोकार्पणाची तारीख ठरल्यावर नव्हे.

नातेवाईक आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, ‘त्या नव्या पेशी अजून आत आहेत ना?’ लिंफोमात हा प्रश्न फारसा कामाचा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पेशी किती वाढल्या याला वजन आहे. पुढे त्या दिसेनाशा झाल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. झूमा-१मध्ये वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेल्या बहुतेकांत दोन वर्षांनी साध्या बी-पेशी परत आल्या होत्या. काम करून पेशी ओसरल्या, एवढाच त्याचा अर्थ.

नव्वदाव्या दिवशी पुन्हा पेट. आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत परततो, म्हणून तिसरा आणि सहावा महिना टाळू नये. वर्ष उलटलं, मग दोन वर्षं उलटली, की धोका बराच उतरतो. पण याचा अर्थ दर महिन्याला पेट करा असा नाही. असेही पेशंट असतात, त्यांना कुणी तरी सांगितलेलं असतं, ‘खात्री करून घ्या.’ विनाकारण किरणोत्सर्ग, विनाकारण खर्च आणि रिपोर्ट येईपर्यंत घरभर जीव टांगणीला. ठरलेल्या वेळी करा आणि मधे गाठ लागली, वजन घटलं, रात्री घामाने अंथरूण भिजलं तर लगेच करा.

स्कॅन स्वच्छ आला की घरचे सैल होतात आणि इथेच घात होतो. कार-टीने कर्करोगाच्या बी-पेशींबरोबर चांगल्या बी-पेशीही जातात. अँटिबॉडी बनवणारं खातंच आजारी पडतं. कार-टीनंतर कर्करोगाव्यतिरिक्त इतर कारणांनी जे मृत्यू होतात, त्यांतले निम्मे संसर्गाने होतात. पेट स्वच्छ, माणूस न्यूमोनियाने गेला. याहून जिव्हारी लागणारं काय असेल? म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्तातलं आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, बघायचं. ते डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं आणि संसर्ग होत असतील तर इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं, तेही महाग. अ‍ॅसायक्लोव्हिर आणि कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या संसर्ग टाळण्यासाठी निदान सहा महिने, बहुधा वर्षभर. ‘आता बरे झालात, कशाला एवढ्या गोळ्या’ म्हणत गावच्या कुणी तरी शहाण्याने त्या बंद करवल्या, असं घडतं. पुढे लसीही पुन्हा नव्याने घ्याव्या लागतात. रक्त चढवायची वेळ आली तर ते किरणित केलेलंच असावं लागतं आणि तालुक्याच्या रक्तपेढीत ती सोय नसते. हे सगळं एका कार्डावर, मराठीत, ठळक अक्षरांत लिहून डिस्चार्जच्या दिवशी हातात का देत नाहीत? सोबत चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर. गावच्या फॅमिली डॉक्टरला एक पत्र. यात अशक्य काय आहे?

आता पैशाचं, मनात सलतंय ते. कार-टीसाठी लोक शेत विकतात, पीएफ काढतात, ट्रस्टचे उंबरे झिजवतात, समाजमाध्यमांवर हात पसरतात. बिलाइतकी रक्कम जमली की आवाहन बंद होतं. तिसाव्या दिवसाचा पेट, नव्वदाव्या दिवसाचा पेट, बायोप्सी, आयजीजी, खोलीचं भाडं, बुलढाण्याहून यायचा-जायचा खर्च, हे कुणाच्याच हिशेबात नसतं. घर आधीच रितं झालेलं असतं. मग नव्वदाव्या दिवसाचा पेट ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतो. तो पुढचा महिना आजाराला पुरतो. तीस-चाळीस लाख खर्चून दिलेल्या उपचारावरचं लक्ष पंधरा-वीस हजारांसाठी उडावं, हे मला सहनच होत नाही.

म्हणून हॉस्पिटलांनी आणि औषध बनवणाऱ्यांनी किंमत सांगताना वर्षाची किंमत सांगावी. चार पेट, लागली तर एक बायोप्सी, वर्षभराची रक्ततपासणी आणि महिन्याभराचा निवारा धरूनच पॅकेज ठरावं. मूळ रकमेपुढे ही भर लहान आहे. विमा कंपन्यांनी ‘फॉलो-अप’ वेगळं काढून नाकारण्याचा खेळ बंद करावा. उपचार लागू पडला का हे बघणं उपचारातच येतं. मदत करणाऱ्या ट्रस्टनीही चेकचे दोन भाग करावेत, एक पेशींसाठी आणि एक पुढच्या वर्षासाठी, दुसरा परस्पर तपासणी केंद्राला जाणारा. सरकारी योजनेनेही हाच नियम लावावा.

आणि नोंद. जनुक घातलेल्या पेशी दिलेल्या पेशंटवर पंधरा वर्षं लक्ष ठेवावं, अशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची अपेक्षा आहे. या पेशींमधूनच क्वचित नवा कर्करोग उद्भवू शकतो, असा ठळक इशारा औषधांवर छापायला त्यांनी २०२४मध्ये लावलं. प्रमाण फार थोडं आहे, त्यापायी कुणी उपचार नाकारू नये. पण आपल्याकडे पंधरा वर्षं माणूस सापडायला हवा ना? मोबाइल नंबर बदलतात, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने गावात नसतं. राज्याने कार-टीच्या प्रत्येक पेशंटची एकच नोंदवही ठेवावी आणि गावातल्या आशाताईंना त्या साखळीत घ्यावं, त्यांच्या मानधनासकट. क्षयरोगाच्या गोळ्या घरी जाऊन दिल्या गेल्याच की!

पत्रकार मित्रांनो, पुढच्या वेळी कार-टीची बातमी कराल तेव्हा पेशी दिल्याच्या दिवशी फोटो जरूर काढा. तीन महिन्यांनी त्या घरी फोनही करा. नव्वदाव्या दिवसाचा पेट झाला का, विचारा. झाला असेल तर पैसे कुणी भरले आणि झाला नसेल तर का नाही झाला, तेही छापा.